वत्सलाला कुणी विचारलं?

नोकरी काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "रेडिओ ऐकत होते." समोरचा हसतो. आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारणी माझ्या सासूबाईंना टोमणे मारायच्या, "आज कुठल्या गावाला गेल्या सूनबाई रेडिओ ऐकायला? घरचा बिघडला का?" सासूबाई बिचाऱ्या गप्प बसायच्या. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. रेडिओ ऐकायचा मला पगार मिळत होता आणि तो मी एसटीचे धक्के खाऊन कमावला, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यातली एक संस्था खेड्यांसाठी रेडिओवर मालिका करत असे. 'तळेवाडीची माणसं' असं तिचं नाव. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दिवेलागणीला लागायची. वरून घरगुती कहाणी. आतून लसीकरण, हुंडा, दारू, लहान कुटुंब. कडू गोळी गुळात घालून द्यावी तसा प्रकार. लेखक, नट, निर्माते सगळे पुण्यात, आणि मी त्यांची दौंड-शिरूरकडची श्रोता गट संघटक. म्हणजे गावोगाव ऐकणाऱ्यांचे गट जमवायचे, त्यांच्यात बसून मालिका ऐकायची आणि संपल्यावर त्यांची चर्चा टेप करून कॅसेट पुण्याला न्यायची. लोकांना काय पटलं, कुठं जांभया आल्या, कुणाला शिव्या मिळाल्या, हे ऐकून लेखक पुढचे भाग लिहिणार. निदान कागदावर तरी तसंच होतं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नाटकात एखादं माणूस गप्प उभं राहिलं तरी ते दिसतं. रेडिओवर जे बोलत नाही ते नसतंच. म्हणून लेखक गप्प पात्राला मधूनमधून खाकरायला लावतात, बांगड्या वाजवायला लावतात, नाहीतर ऐकणारा त्याला विसरून जातो. माझ्या कॅसेटचंही तेच. कोपऱ्यात बसून सगळं ऐकणारी, मान डोलावणारी बाई पुण्याच्या लेखी तिथं आलेलीच नसायची. मी टेप उचलून एकेकीच्या पुढ्यात धरायची. काही जणी तोंडावर पदर घेऊन टेपकडे पाठ करायच्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दौंडच्या गटात साळुंखेमामा म्हणून निवृत्त गार्ड होते. मालिकेत गाडी सुटली की त्यांचा हात वर. "ही शिटी मालगाडीच्या इंजिनाची हाय, नलूताई. तळेवाडीची पोरगी मालगाडीत बसून सासरी निघाली काय?" मी पुण्याला कळवलं. शिटी बदलली नाही, कारण त्यांच्याकडे तेवढी एकच होती. सणसवाडीला कारखान्यातली काही पोरं एका भाड्याच्या खोलीत ऐकायची. त्यातला एक बिहारचा. तो मालिकेवरून मराठी शिकला, पण शिकला ती मालिकेतल्या खाष्ट सासूची मराठी, आणि एक दिवस सुपरवायझरला "मुडद्या" म्हणून बसला. न्हावऱ्याच्या एका गृहस्थांनी तर मालिकेतल्या मुलीसाठी भाच्याचं स्थळ आणलं होतं. अहो ते नुसतं पात्र आहे, असं सांगितल्यावर म्हणाले, "आसू द्या की. बोलणारी तरी कुणाची लेक आसंलच न्हवं?" हे किस्से मी हसत सांगते, पण या लोकांना मी कधी अडाणी समजले नाही. पुण्यातले समजायचे. त्यावरून माझी भांडणं झाली आणि मला त्या भांडणांचा अभिमान आहे.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते वत्सलावरून.

वत्सला ही तळेवाडीतली चाळिशीला टेकलेली बाई. थोरली लेक सासरी, मुलाचं नुकतंच लग्न झालेलं. नवी सून माप ओलांडून आत आली आणि पाठोपाठ दिवस गेले ते सासूला. नवराबायकोच्या संसारात यात गुन्हा काही नाही. पण आमच्याकडे गाव याला जेवढं हसतं तेवढं चोरी पकडल्यावरही हसत नाही. लेकीसुनांच्या बरोबरीनं पोट वाढवणारी बाई पाणवठ्यावर जायची बंद होते, लग्नकार्याला जायची बंद होते.

केंदूरचा गट माझा सगळ्यात लाडका. सिंधूबाईंच्या घराच्या ओट्यावर बायका जमायच्या, कुणी शेवंती तोडून, कुणी मेथीच्या जुड्या बांधून थेट रानातून आलेल्या. पुरुष समोर लिंबाखाली बसायचे, तंबाखू मळत, आम्ही काही ऐकत नाही असा चेहरा करून. गटाच्या पुढारी भागूआजी. त्यांच्या घरची पूर्वी मेंढरं होती. अर्धं आयुष्य कळपामागं फिरण्यात गेलेलं, मग गावात घर झालं, थोडी शेती झाली. हातातली काठी मात्र सुटली नव्हती.

वत्सलाची बातमी फुटली त्या संध्याकाळी ओट्यावर नुसता खिदळाट. "आता पाळणा सासू हलवनार का सून?" पण पुढच्या भागांत हसणं मावळलं आणि तट पडले. सिंधूबाई म्हणाल्या, "देवानं दिलंय तर वाढवावं. आता चार दीस हसत्याल, मागनं गप बसत्याल." दुसऱ्या म्हणाल्या, या वयात जिवावर बेतेल, मोकळं व्हावं. दौंडला साळुंखेमामांनी निकाल दिला, "नवऱ्यानं ठरवावं." आतून मामींचा आवाज आला, "नवऱ्यानं ठरवलं म्हणूनच तर ही येळ आली." तो आवाज कॅसेटवर स्वच्छ आला होता.

मग केंदूरला भागूआजींनी एक दिवस चर्चाच थांबवली. म्हणाल्या, "सासू बोलली. नवरा बोलला. डाक्टरीण बोलली. लेक यून रडून गेली. आन् वच्छला काय करती? नुसती खोकती. पोरी, तुझ्या पुण्याच्या लोकांस्नी इचार, त्या बाईला कुणी इचारलं का, बये तुला काय पायजे म्हून?"

मी मागचे सगळे भाग आठवून बघितले. आजींचं खरं होतं. वत्सलाच्या पोटावरून एवढी चर्चा चालू होती आणि वत्सलाच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. एखादा उसासा, एखादा खोकला, बास.

पुण्याच्या बैठकीत मी कॅसेट लावली आणि विचारलं. आमचे निर्माते प्रधान सर सज्जन माणूस, पण धोरणाला भिणारे. ते म्हणाले, "त्याचं कारण साधं आहे. वत्सलाचं काम करणाऱ्या बाई नाटकाच्या दौऱ्यावर आहेत. जाण्यापूर्वी त्यांचे उसासे आणि खोकले रेकॉर्ड करून ठेवलेत, तेच वापरतोय." मी कपाळावर हात मारला. मग पुढं काय होणार, असं विचारल्यावर सर म्हणाले, "विहिरीवर तिचा पाय घसरेल. प्रश्न मिटला. ना पाप, ना वाद, आणि लहान कुटुंबाचा संदेशही शाबूत राहतो."

पुढचं कथानक गावात फोडायचं नाही हा आमचा पक्का नियम. मी फोडलं. आजही फोडेन.

केंदूरच्या बायका अशा खवळल्या की लिंबाखालचे पुरुष उठून बघायला लागले. "विहिरीवर पाय घसरायला ती काय पयल्यांदा पानी शेंदती?" सिंधूबाई म्हणाल्या. "आसं करू. तिचा पाय घसरायच्या आत तिची ओटी भरू. ओटी भरलेल्या बाईला कोन पाडतंय बघू."

चोरओटी ही आमच्याकडची रीत. तिसरा महिना सरता सरता, गावात बोभाटा व्हायच्या आत, घरातल्या आणि जवळच्या पाच सवाष्णींनी गुपचूप गर्भारशीची ओटी भरायची. मोठं डोहाळजेवण नंतर. चोरओटी म्हणजे बायकांनी त्या पोटातल्या जिवाला दिलेला होकार. पण तो पहिलटकरणीला. चौथ्या-पाचव्या खेपेला, सून घरात आल्यावर, कोण कुणाची ओटी भरतंय? या बायकांनी ठरवलं की रेडिओवरच्या वत्सलाची भरायची. आता वत्सला काही रेडिओतून उतरून पाटावर येणार नव्हती. तिच्या जागी कुणीतरी बसायला हवं होतं. त्यांनी हौसाला बसवायचं ठरवलं.

हौसा सिंधूबाईंच्या शेजारची. नवरा दगडू, थोडी भाजी आणि झेंडू, नुकतंच मुलाचं लग्न झालेलं. ती नेमानं यायची, खांबाच्या मागं बसायची, आणि माझ्या एकाही कॅसेटवर तिचा आवाज नव्हता. गेल्या दोन-तीन खेपांना ती आलीही नव्हती. सिंधूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, हौसालाबी तेच झालंय. पाळी गेली आसं वाटलं, आन् निघालं भलतंच. लाजून घराबाहीर पडंना. तवा आमी म्हनलं, वच्छलाच्या नावानं हिची भरू. म्हंजी हिचीबी भीड मोडंल." मला गहिवरून आलं. एवढ्या हळुवार विचाराचा भाग आमच्या लेखकांनी जन्मात लिहिला नसता.

त्या संध्याकाळी मालिका संपल्यावर पुरुषांना हाकललं. ओट्यावरून सगळ्या आत गेलो. पाट मांडला, कडेनं रांगोळीची रेघ ओढली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. भागूआजी स्वतः जाऊन हौसाला हाताला धरून घेऊन आल्या. ती आली, पाटावर बसली, कुंकू लावून घेतलं. माझा टेप चालू होता. वत्सलाची ओटी पुण्याला ऐकवायचीच असं आम्ही ठरवलं होतं. सिंधूबाईंनी नारळ उचलला आणि वाकल्या. ओटी घेणारी बाई अशा वेळी पदर दोन्ही हातांनी पुढं धरते. हौसाचा पदर कमरेला खोचलेला होता आणि हात मांडीवर होते.

"पदर धर की गं," सिंधूबाई म्हणाल्या.

"न्हाई धरायची."

बायका हसल्या. "लाजतीया."

"लाजत न्हाई," हौसा म्हणाली. "मला नगं हाय."

आणि मग खांबामागची ती बाई बोलायला लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. ती जे बोलली ते मला आजही तोंडपाठ आहे. "मला चार झाली, दोन ऱ्हायली. धाकटीच्या येळंला मी मरनाच्या दारातनं आले. तवाच ठरवलं व्हतं, आता न्हाई. ऑपरेशनला जायचं म्हनलं तर सासू म्हनली, आता कशाला, वय झालं. नवरा म्हनतोय, देवानं दिलंय. समदी म्हनत्यात ठिव. तुमीबी तेच म्हनाया लागला, नारळ घिऊन. चौदा वर्साची नांदाया आले तवापास्नं ह्या आंगात कुनी ना कुनी ऱ्हातंयच. आता सून आलीया, तिचं हू द्या. माझं आंग आता माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

सिंधूबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. "आमी तुझ्या मायेनंच केलं, हौसा. उचलल्याला नारळ माघारी ठिवायचा का मी?"

भागूआजींनी काठी टेकली आणि उठल्या. "आपुन म्हैनाभर कोकलत व्हतो, वच्छलाला कुनी इचारलं न्हाई म्हून. हौसाला तरी कुनी इचारलं? मी जाऊन हाताला धरून बसवली पाटावर. आन तो नारळ हिकडं." त्यांनी नारळ घेतला, उंबऱ्यावर आपटून फोडला आणि सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. पहिला हौसाच्या. हौसानं तो तिथंच पाटावर बसून खाल्ला.

जाताना ती माझ्यापाशी आली. "ह्यात माझं बोलनं आलं का?"

"आलं. पुसून टाकू?"

तिनं विचार केला. "पुसू नगा. वच्छलाला उपेगी पडलं तर पडू द्या. माझं नाव तेवढं सांगू नगा."

हौसा चोरून काही करणार नव्हती. तिनं नवऱ्याला तोंडावर सांगितलं. दगडूभाऊ वाईट माणूस नव्हता. त्यानं हात उगारला नाही, पण तो नाहीच म्हणाला. "जायचं तर जा. मी येनार न्हाई, सही करनार न्हाई," असं म्हणून त्यानं बोलणं टाकलं. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा हौसा नवं लुगडं नेसून तयार होती. भागूआजी, ती आणि मी शिरूरला एका खासगी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, अजून वेळेत आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, मिस्टर कुठं आहेत? नाही आले म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "कायद्यानं हिची एकटीची सही पुरते, मला माहीत आहे. पण मी नवऱ्याची घेतल्याशिवाय करत नाही. मागं एका बाईचा नवरा नंतर येऊन काचा फोडून गेला. माझं दुकान आहे का हे, रोज काचा बदलायला?"

मी भांडायच्या तयारीत होते. भागूआजींनी मला मागं सारलं. "बाई, काचंची राखन मी करते. जलमभर लांडग्यापास्नं मेंढरं राखली. येक नवरा आडवायला काय लागतंय?" आणि खरोखरच दवाखान्याच्या दारात, पायरीवर, काठी आडवी टाकून बसल्या. डॉक्टरीणबाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी पेन उचललं आणि हौसाला म्हणाल्या, "अंगठा की सही?" "सही," हौसा म्हणाली.

दगडूभाऊ आला. दुपारी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा दिसला. रस्ता ओलांडून आला नाही. भागूआजींनी त्याच्याकडे बघून काठी नुसती एकदा उचलून परत ठेवली. संध्याकाळच्या एसटीत आम्ही हौसाला खिडकीजवळ बसवलं, तेव्हा तो मागच्या बाकावर येऊन बसला. केंदूरच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. बोलला मात्र नाही.

कॅसेट घेऊन मी पुण्याला गेले. नाव सांगितलं नाही, फक्त आवाज ऐकवला. प्रधान सर ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, "प्रसंग हृदयद्रावक आहे. पण हे हवेवर जाणार नाही. विहीरच ठेवू." तेवढ्यात दाराशी कुणीतरी म्हणालं, "मला परत लावून दाखवा." दौऱ्यावरून परतलेली आमची वत्सला होती. त्या बाईंनी कानाला हेडफोन लावून तो तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला आणि सरांना म्हणाल्या, "हे मी शब्द न बदलता बोलणार. आणि विहिरीत पडायची किंकाळी मी देणार नाही. दुसरी कुणी आणायची असेल तर आणा, ऐकणारे एका हुंकारात ओळखतील." मीही सांगून टाकलं की विहीर ठेवली तर कॅसेट न्यायला दुसरं माणूस बघा. दोन बायकांच्या आडमुठेपणापुढं सर हरले, असं ते स्वतः नंतर सांगायचे. हरले म्हणून मला त्यांच्याबद्दल अजून आदर आहे.

तो भाग लागला त्या संध्याकाळी ओटा गच्च भरला होता. वत्सला बोलली, हौसाचे शब्द बोलली. हौसा खांबामागं बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत. भाग संपल्यावर मी चर्चेला टेप लावला, तर कुणी बोलेचना. ती माझी एकमेव कोरी कॅसेट. लिंबाखालून एकानं तेवढं म्हटलं, "लई बोलली बाई."

मग बोंब उठली. तक्रारी गेल्या की ही संघटक बाई खेड्यातल्या बायकांना फितवते, त्यांच्या तोंडी नको ते घालते. वरून दटावणी आली. ठरलं असं, की पुढच्या एका भागात वत्सला देवळात जाऊन धाय मोकलून रडेल, माझी चूक झाली म्हणेल, आणि प्रकरण शांत होईल. फक्त त्याआधी प्रधान सर स्वतः केंदूरला येऊन बघणार होते, की असं खरंच कुणी बोललं होतं, की मीच कुणाकडून वदवून घेतलं. त्या भेटीचा शेवट जो झाला तो झाला, पण केंदूरचा गट पुढं बंद केला गेला आणि वर्षभरात माझी नोकरीही गेली. त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? ते काम माझ्या जिवाचं होतं आणि तसं काम मला पुन्हा मिळालं नाही.

तर सर आले. सिंधूबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. बायका ओट्यावर, पुरुष लिंबाखाली. सरांनी चांगल्या शब्दांत विचारलं, "ते बोलणं इथल्या कुणाचं होतं का? कुणावर आळ नाही. पण जर कुणाचंच नसेल, तर वत्सलाला ते मागं घ्यावं लागेल. देवळात जाऊन ती माफी मागेल."

सगळ्या खाली बघत होत्या. मीही गप्प राहिले. मला नाव सांगायचं नव्हतं, शब्द दिला होता, मग नोकरी राहो की जावो. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे नलूताई, मी काय समजायचं?"

खांबामागून हौसा उठली. पुढं येऊन सरांच्या समोर उभी राहिली. पदर खांद्यावरून नीट घेतला. "ते बोलनं माझं हाय."

सर गडबडले. ते लिंबाकडे बघून म्हणाले, "यांचे मिस्टर आहेत का इथं? त्यांची याला संमती होती?"

दगडूभाऊला उठायला वेळ लागला. गावासमोर उत्तर द्यायचं होतं. "तिनं मला इचारलं न्हाई, सांगितलं. मी नगं म्हनलो. तरी गेली," तो म्हणाला. मग पुढं म्हणाला, "मला राग हाय. पर ती बोलली ती खरं बोलली. धाकटीच्या येळंला मीच व्हतो दवाखान्यात. मी बघितलंय."

हौसानं त्याच्याकडे वळून बघितलं नाही. ती सरांशीच बोलत होती. "सायेब, तुमी तिला देवळात न्हेऊन रडवनार म्हनं?"

"तसं ठरतंय," सर म्हणाले.

"मी रडले न्हाई," हौसा म्हणाली. "ना दवाखान्यात, ना घरी यून. मग माझ्या बोलन्यावर तिला कशापायी रडवता? आन् काय लिव्हायचं आसंल तर नाव लिव्हा. हौसाबाई. आता लपवू नगा."

सरांनी कपबशी खाली ठेवली. ते उठले आणि तिला नमस्कार करून गाडीत बसले.

पुढच्या भागात वत्सला देवळात गेली नाही. सुनेबरोबर परड्यात बसून तिनं शेंगा फोडल्या, पोटभर गप्पा मारल्या, आणि शेवटी मोठ्यानं हसली.